आईचा पाय आधीच गेला होता, देह आम्ही जाळला. मग पुनरुत्थानात उठणार ते कोणतं शरीर?

पहाटपाखरू

आईला जाऊन सहा आठवडे झाले. विषय मनात घोळत होताच, पण काल रात्री तिचं कपाट आवरायला घेतलं आणि आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणत आले. 'पापांची क्षमा, शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन' हा शेवट इतका पाठ, की म्हणताना जीभ तेवढी हलायची. आई गेल्यावरच्या पहिल्या रविवारी 'शरीराचे' या शब्दापाशी येऊन मी थांबले. पुढचं सगळ्यांनी म्हटलं, मी नाही. तेव्हापासून दर रविवारी तिथंच अडतं.

कारण सांगते. आईला जुना मधुमेह. अकरा वर्षांपूर्वी डाव्या पायाची जखम चिघळत गेली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भूल उतरल्यावर तिनं पाणी मागितलं नाही, दुखतंय म्हणाली नाही. "माझा पाय कुठं ठेवला?" एवढंच विचारलं. मी चौकशी करायला गेले तेव्हा कळलं, की तो बाकीच्या कचऱ्याबरोबर गेलासुद्धा. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी परत येऊन आईला सांगितलं, "नीट पुरलाय." तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. पुढं अकरा वर्षं ती तेच खरं मानून जगली. मी कधी खरं सांगितलं नाही.

कृत्रिम पाय तिला मानवला नाही, वॉकरवरच चालायची. बूट मात्र जोडीनंच घ्यावे लागायचे. उजवा झिजून फेकला जायचा, डावा डब्यात. काल कपाटातून डाव्या पायाचे नऊ बूट निघाले, सगळे कोरे.

देह जाळायचा, ही तिची स्वतःची इच्छा. कागदावर लिहून ठेवलं होतं. राख आम्ही बाबांच्या कबरीशेजारी पुरली. पण मावशी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "माती दिली असती तर निदान उठली असती. राखेतून कोण उठतं?" ती रागानं नाही बोलली, रडत बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

तर मला विचारायचंय ते हे. शरीराचं पुनरुत्थान म्हणतो, ते कोणत्या शरीराचं? अर्धा पाय एकीकडे गेला, उरलेलं दुसरीकडे राख झालं. आणि तोवर आई आहे कुठं? झोपलीये, की प्रभूजवळ जागी आहे? दफनविधीत 'झोपी गेली' म्हणतात आणि भेटायला येणारे 'प्रभूच्या घरी गेली' म्हणतात. दोन्ही एकदम कसं असेल?

एक विनंती. आत्मा अमर आहे, शरीर म्हणजे नुसतं वस्त्र, असं कृपा करून सांगू नका. सहा आठवडे तेच ऐकतेय. मला आईचे हात आठवतात. ताप बघायला ती तळहात नाही, हाताची मागची बाजू कपाळाला लावायची. ते वस्त्र होतं, असं मला म्हणवत नाही.

जुना धर्मशिक्षक

ताई, तुमच्या आईंनी भूल उतरल्यावर विचारलेला प्रश्न मी दिवसभर मनात घेऊन फिरतोय. बत्तीस वर्षं रविवारच्या शाळेत आणि दृढीकरणाच्या वर्गात शिकवलं, पण त्या ओळीला इतका सरळ हात घालणारा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. 'वस्त्र' म्हणवत नाही, हे तुमचं बरोबर आहे. मंडळीनंही, म्हणजे चर्चनंही, ते कधी म्हटलं नाही. लॅटिन विश्वासांगीकारात तिथं 'कार्निस' हा शब्द आहे, म्हणजे मांस. सौम्य शब्द मिळत होते, तरी हाच ठेवला, कारण देह हलका आणि आत्मा तेवढा खरा असं शिकवणारे लोक पहिल्या शतकांतच उभे राहिले होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं.

आधी मावशींचं बघू, कारण त्या रडत बोलल्या. त्यांना एक जुनी हकिकत सांगा. सन १७७. रोमन साम्राज्यातलं लुग्दूनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं ल्यों. तिथल्या ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. मारून भागलं नाही म्हणून प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख झाडून रोन नदीत लोटली. कारण उघड सांगितलं गेलं: या लोकांना पुन्हा उठण्याची आशा असते म्हणून ते मरणाला भीत नाहीत, तेव्हा आता बघू कसे उठतात. जे वाचले त्यांनी आशिया आणि फ्रुगिया या, आजच्या तुर्कस्तानातल्या, प्रांतांतल्या मंडळ्यांना पत्र लिहिलं. युसेबियस या बिशपनं चौथ्या शतकात ते आपल्या इतिहासात उतरवून घेतलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पत्रात दुःख लपवलेलं नाही. रात्रीच्या अंधाराचा उपयोग झाला नाही, पैसे देऊन झालं नाही, विनवण्या करून झालं नाही, आपल्या माणसांना माती देता आली नाही, असं ते लिहितात. पण आशा सोडल्याचा शब्द त्यात नाही. 'राखेतून कोण उठतं' हा प्रश्न तिथं छळ करणाऱ्यांचा होता. मावशींना हे हळुवारपणे सांगा, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

दफनाची परंपरा मंडळीनं जपली ती आदरापोटी. प्रभूचा देहही अरिमथाईच्या योसेफानं तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवला, तेच आपण आपल्या माणसांसाठी करत आलो. माती दिली नाही तर देवाला सापडणार नाही, अशी भीती त्यामागे नव्हती. कबरेतलं शरीर तरी कुठं तसंच राहतं? दोनशे वर्षांनी तिथं काय उरतं ते आपल्याला माहीत आहे. आग काही तासांत करते, माती सावकाश करते.

आता पायाचं. संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप होते. देवाच्या नगरावरचा त्यांचा बावीस भागांचा ग्रंथ साधारण ४२६ साली पुरा झाला. शेवटच्या भागात ते अगदी असेच प्रश्न घेतात: श्वापदांनी खाल्लेल्यांचं काय, जळालेल्यांचं काय, पाण्यात विरून गेलेल्यांचं काय. त्यांचं उत्तर असं, की ज्यानं काहीच नसताना निर्माण केलं त्याला विखुरलेलं गोळा करणं अवघड नाही. मग हुतात्म्यांकडे येतात. ज्यांचे अवयव तोडले गेले त्यांना ते परत मिळतील, म्हणतात, पण जखमांच्या खुणा कदाचित दिसत राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नाही, शोभा म्हणून. सोळाशे वर्षांपूर्वी एक माणूस तुमच्याच प्रश्नापाशी बसला होता, हे मला स्वतःला फार धीर देतं.

पण ऑगस्टीनच्याही मागे जावं लागेल. करिंथच्या लोकांनी प्रेषित पौलाला हेच विचारलं होतं: मेलेले कसे उठवले जातात, कोणत्या शरीरानं येतात? त्यानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. पौल दाण्याचं उदाहरण देतो. तुम्ही पेरता तो नुसता दाणा, होणारं रोप पेरत नाही. दाण्याकडे बघून रोपाचा आकार सांगता येत नाही, पण ते रोप दुसऱ्या कुणाचं नसतं, त्याच दाण्याचं असतं. विनाशी पेरलं जातं, अविनाशी उठवलं जातं. अशक्त पेरलं जातं, सामर्थ्यात उठवलं जातं. पेरलं जातं तेच उठवलं जातं, हे त्या वाक्यांतून सुटू देऊ नका.

तिथं 'आध्यात्मिक शरीर' हा शब्द येतो आणि बरेचजण त्याचा अर्थ वाऱ्यासारखं, धुरासारखं शरीर असा करतात. मूळ ग्रीक बघितलं तर तसं नाही. पौल दोन शब्द समोरासमोर ठेवतो. एक 'प्सूखे'पासून आलेला, म्हणजे प्राणापासून, मराठी शास्त्रात 'प्राणमय' केलाय तो. दुसरा 'प्न्यूमा'पासून, आत्म्यापासून. आताचं शरीर काही प्राणाचं बनलेलं नाही, हाडामांसाचं आहे आणि प्राणावर चालतं. तसंच उठलेलं शरीर देवाच्या आत्म्यावर चालेल. फरक आहे तो कशाच्या बळावर जगायचं याचा.

आणि मग स्वतः प्रभू. येशूनं उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, कुणीतरी सोडवावे लागले. तो परत आला तो याच आयुष्यात, पुढं पुन्हा मेला असणार. येशूच्या कबरेत वस्त्रं तशीच पडलेली आढळली. तो परत आला नव्हता, पुढं गेला होता. शिष्यांना हे भूत वाटलं तेव्हा त्यानं खायला मागितलं आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातांवरच्या खुणा आणि कूस दाखवली. ताई, इथं माझं बोट नेहमी थांबतं. मरणावर मात केलेलं शरीर, आणि त्यावर खिळ्यांचे वण आहेत. ते पुसून टाकणं देवाला जड नव्हतं.

माझी पत्नी शेवटची चार वर्षं कंपवातानं आजारी होती. कप धरता यायचा नाही, माझ्या हातावर हात ठेवला की माझाही हात हलायचा. ते हात स्थिर झालेले मला बघायचेत, आणि ते तिचेच आहेत हेही मला ओळखू यायला हवं. दोन्ही मागणं जास्तीचं आहे, असं मला वाटत नाही. पंधरावा अध्याय नेमकं तेच मागायला शिकवतो.

रात्रपाळी

ताई, मी नर्स आहे, कॅथलिक. सरांनी इतकं सांगितल्यावर भर घालण्यासारखं थोडंच आहे.

आमच्या चर्चनं १८८६ मध्ये दहनाला बंदी घातली होती. त्या काळात युरोपात काही गट पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून मुद्दाम दहनाचा प्रचार करत होते. १९६३ मध्ये ती बंदी उठली. अट एकच, की दहन ख्रिस्ती विश्वासाला विरोध म्हणून निवडलेलं नसावं. दफन अजूनही जास्त पसंत केलं जातं, आणि २०१६ च्या सूचनेत सांगितलंय की राख उधळू नये, पवित्र जागी ठेवावी. तुम्ही बाबांच्या शेजारी पुरलीत, हे अगदी योग्य केलंत. ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र सहसा दहन मान्य करत नाहीत. तुमच्या मावशी बोलल्या ते कुठून तरी ऐकलेलं असेल, अगदीच निराधार नाही.

पायाबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्याकडेही वर्षानुवर्षं कुणी विचारायचं नाही. एका आजोबांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मला हाताशी धरून विचारलं, पाय घरच्यांना मिळेल का. तेव्हापासून मी आधीच विचारते, आणि दर वेळी कुणीतरी हो म्हणतं. माणूस शेवटचा श्वास घेतो त्यानंतर आम्ही अंग पुसतो, केस विंचरतो, डोळे मिटवतो. ते शरीर 'नुसतं वस्त्र' आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पुसताना पाणी कोमट घेते. का, ते कुणाला सांगता येणार नाही.

तुम्ही खोटं बोललात ते मनाला लावून घेतलंय, हे लिहिण्यातून दिसतं. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मागतो. मरणानंतर आत्मा शुद्ध होतो त्या शुद्धिस्थानाबद्दल लोकांच्या मनात तुरुंगासारखं चित्र असतं, पण मी ते असं समजते: देवासमोर उभं राहण्याआधी जे काही सरळ व्हायचं राहिलंय ते त्याच्या प्रेमात सरळ होणं. तुमच्या मंडळीत हे मानत नसतील. तरी आईंचं नाव घेऊन त्यांना नाही तर देवाला सांगून टाका, पाय पुरला नव्हता म्हणून.

तिऱ्हाईत

मी श्रद्धाळू नाही. ताईंच्या दुःखात वाद घालायची माझी इच्छा नाही, पण त्यांनी खरा प्रश्न विचारलाय म्हणून खरी शंका मांडतो.

इब्री शास्त्राच्या, म्हणजे जुन्या कराराच्या, मोठ्या भागात पुनरुत्थान नाही. मेलेले अधोलोकात जातात, चांगले वाईट सगळेच, आणि तिथून देवाची स्तुतीही होत नाही, असं स्तोत्रांत स्पष्ट म्हटलंय. मातीत निजलेल्यांतले पुष्कळ उठतील, हे ठळकपणे येतं ते दानीएलच्या बाराव्या अध्यायात. बहुतेक अभ्यासक तो भाग इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपासचा धरतात, म्हणजे अंतियोख राजाच्या छळाच्या काळातला. नियम पाळणारी माणसं त्यापायीच मारली जात होती. या जन्मी न्याय मिळत नाही, मग पुढं मिळेल, अशी गरज निर्माण झाली आणि गरजेतून विश्वास आला. हे मला फार मानवी वाटतं, पण मानवीच वाटतं.

दुसरं, रिकाम्या कबरेच्या हकिकती जुळत नाहीत. योहानात मरीया मग्दालीया एकटी दिसते, मत्तयात दोघी, मार्कात तिघी, लूकात आणखी. कुठं एक देवदूत, कुठं दोन. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तर शेवट एवढाच आहे, की स्त्रिया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. एवढ्यावर आपल्या आईचं भवितव्य सोपवावं का?

पहाटपाखरू

तिऱ्हाईत, राग नाही आला. हेच सगळं मी रात्री दोन वाजता स्वतःला विचारते, फक्त इतकं नीट मांडता येत नाही.

सर, वणांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. रात्रपाळीताई, तुमचं कोमट पाणी वाचून रडले. सांगितलं देवाला. मोठ्यानं सांगितलं, रिकाम्या घरात.

पण सर, 'आत्ता कुठं आहे' ते राहिलं. आणि तिऱ्हाईतांना तुम्ही काय म्हणाल?

जुना धर्मशिक्षक

तिऱ्हाईत, तुम्ही सांगितलेली माहिती बरोबर आहे आणि ती चर्चमध्येही सांगितली जावी असं मला वाटतं. पुनरुत्थानाची आशा खरोखरच मारल्या जाणाऱ्यांच्या आकांतातून वर आली. पण त्या आकांतामागे एक ओळख होती: हा देव करार मोडत नाही. येशूच्या काळात सदूकी हा यहुदी पंथ पुनरुत्थान मानत नव्हता. त्यांनी सात भावांची बायको झालेल्या स्त्रीचं कोडं घातलं, तेव्हा येशूनं दानीएल पुढं केला नाही. सदूकी ज्याला मानत त्या मोशेच्याच शास्त्रातलं जळतं झुडूप पुढं केलं. 'मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव आहे.' होतो, असं नाही म्हटलं. ज्यांच्याशी देवानं नातं जोडलं त्यांना मरण त्याच्या हातून काढून नेऊ शकत नाही, एवढ्या एकाच धाग्यावर त्यानं सगळं तोललं. गरज होती म्हणून ते खोटं ठरत नाही. तहान लागते म्हणून पाणी काल्पनिक होत नाही.

हकिकतींतले फरक मीही वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचो. कुणी बसून रचलं असतं तर आधी हे फरक मिटवले असते. आणि साक्षीला स्त्रिया घेतल्या नसत्या. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. लूक स्वतः सांगतो, की प्रेषितांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. तरी चारही शुभवर्तमानं पहिल्या बातमीला त्यांनाच उभं करतात. माझ्या लेखी याचं कारण एकच, की तसं झालं होतं.

शुभवर्तमानांच्याही आधीचं पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं तेच पत्र आहे, साधारण सन ५५ चं. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी, त्यांच्यातले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला. पौल म्हणतो, हे मलाही सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं. गलतीकरांच्या पत्रात तो लिहितो, की आपण यरुशलेमात केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. म्हणजे ज्यांना दिसला त्यांच्या तोंडून ऐकायला त्याला भरपूर वेळ होता. याकोबाचं नाव मला विशेष वाटतं. येशूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहान सांगतो. आणि पौल तर छळ करणाऱ्यांपैकी. ज्यांना हे खरं ठरायला नको होतं अशी ही दोन माणसं आहेत.

याने गणितासारखं सिद्ध होतं का? नाही. मी तसं कधी शिकवलं नाही. पण मी माझं मरण यावर टेकवलंय आणि ते ओझं या साक्षीला पेलतं, असा माझा अनुभव आहे.

ताई, आता तुमच्या आई. यावर मंडळीत एकमत नाही, हे आधी सांगतो. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक ल्यूथर मरणाला पुष्कळदा झोप म्हणायचे, शांत, स्वप्नांशिवायची, आणि डोळे उघडतील ते थेट शेवटच्या दिवशी. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्यानं तरुणपणीच याच्या उलट मत मांडणारा ग्रंथ लिहिला, की आत्मा झोपत नाही, ख्रिस्ताजवळ जागा असतो. त्याच्याही दोनशे वर्षं आधी एका पोपनं, बाविसाव्या योहाननं, आत्म्यांना शेवटच्या दिवसापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही असं प्रवचनांत सांगितलं आणि मोठा वाद उठला. मरणाआधी त्यानं ते मत मागे घेतलं. त्याच्यानंतरच्या पोपनं १३३६ मध्ये जाहीर केलं, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना आत्ताच दर्शन होतं. ॲडव्हेंटिस्ट मंडळी आजही झोपच मानते. इतक्या विद्वानांत मतभेद झाले तिथं तुम्ही गोंधळलात, यात नवल नाही.

माझं मत विचाराल तर मी येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या त्या अपराध्याकडे जातो, ज्याला येशूनं म्हटलं, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' आज. पौलही तुरुंगातून लिहितो, की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं अशी मला उत्कंठा आहे. म्हणून तुमच्या आई ख्रिस्ताजवळ आहेत, असं मी निःशंक म्हणेन. 'झोपी गेली' हेही खरं, पण ते शरीराकडे बघून. मसणवटीला ग्रीक ख्रिस्ती लोकांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थच निजायची जागा. निजलेल्याला उठवायचं असतं, म्हणून तो शब्द.

पण तिथं गोष्ट संपत नाही, आणि मला वाटतं भेटायला येणारे लोक नेमकं इथंच थांबतात. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखाली आहेत. देवाच्या अगदी जवळ. आणि ते ओरडून विचारतात, 'प्रभो, कुठवर?' त्यांना शुभ्र झगे मिळतात आणि थोडा वेळ विसावा घ्या असं सांगितलं जातं. म्हणजे देवाजवळ पोचलेलेही वाट बघताहेत. रोमकरांना लिहिलेल्या पौलाच्या पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हत वाट बघते, आणि आपणही, कशाची? तर आपल्या शरीराच्या मुक्तीची. शरीरापासून मुक्तीची नव्हे. तुम्हाला आईचे हात हवेत. माझी अशी समजूत आहे, की आईंनाही ते हवे असतील.

आणि एक. लाजरच्या गावी, बेथानीत, येशूला ठाऊक होतं, की थोड्या वेळात लाजर बाहेर येणार आहे. लाजरची बहीण मार्था, तिला त्यानं सांगितलंही होतं, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे.' तरी कबरेकडे जाताना तो रडला. रविवारी तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याला अविश्वास म्हणू नका. तुम्हाला येत नसेल त्या रविवारी बाकीचे तुमच्या वतीनं म्हणतात. एकत्र म्हणायची पद्धत त्यासाठीच असावी.

तिऱ्हाईत

याकोबाचा मुद्दा मी याआधी असा लक्षात घेतला नव्हता. माझी शंका गेली असं म्हणणार नाही, पण पुन्हा वाचेन. ताई, काळजी घ्या.

पहाटपाखरू

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मावशीला नदीची हकिकत सांगितली. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "त्यांची नावं ठाऊक आहेत का?" मी शोधून ब्लांदिनाचं नाव सांगितलं. दासी होती, तिचा छळ करणारेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं थकले होते. मावशीनं ते नाव वहीत लिहून घेतलं, तिच्या प्रार्थनेच्या यादीत, आईच्या नावाच्या खाली. मावशीच्या मंडळीत मृतांची नावं यादीत घेत नाहीत. मी काही बोलले नाही.

मग पायाचं खरं काय झालं, तेही तिला सांगितलं. आईची एकुलती एक बहीण, तिला तरी कळायला हवं होतं. ती म्हणाली, "तिला ठाऊक होतं गं. तू खोलीत आलीस तेव्हा तुझा चेहराच सांगत होता, असं तिनं मला त्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाली, पोरीला वाटू दे मला पटलंय." अकरा वर्षं आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत होतो तर.

पंधरावा अध्याय रोज मोठ्यानं वाचते. 'पेरलं जातं' आणि 'उठवलं जातं' यांच्यामध्ये थोडं थांबते. परवाच्या रविवारी 'शरीराचे' म्हणता आलं. पुढचं मावशीनं म्हटलं, माझा दंड धरून.

कपाट रिकामं केलं. साड्या दिल्या, वॉकर एका गरजू बाईंना दिला. बुटांचे डबे मावशीनं बाहेर काढले आणि विचारलं, "यांचं काय करायचं?" मी ते पुसून परत आत ठेवले.